ॲलर्जीवरील पेप्टाइड-आधारित उपचार : तत्त्व, चाचण्यांचा अनुभव आणि नवी मुंबईच्या संदर्भातील विचार

सारांश :

ॲलर्जीजन्य विकारांत रुग्णाला त्रासदायक प्रथिनाचा संपूर्ण अर्क न देता त्या प्रथिनाचे लहान तुकडे, म्हणजेच पेप्टाइडे, देऊन प्रतिकारयंत्रणेस सहनशील बनविण्याचा प्रयत्न गेली सुमारे तीस वर्षे चालू आहे. तत्त्वाच्या पातळीवर ही कल्पना भक्कम असली तरी मोठ्या मानवी चाचण्यांत तिला अपेक्षित यश आलेले नाही. प्रस्तुत लेखात या उपचाराचे तत्त्व, चाचण्यांचा इतिहास व पुणे विद्यापीठात झालेले संबंधित संगणकीय कार्य यांचा आढावा घेतला आहे. योग्य पेप्टाइडाची निवड ही स्थानिक ॲलर्जीजनक प्रथिने व स्थानिक लोकसंख्येचा जनुकीय वारसा यांवर अवलंबून असते, त्यामुळे नवी मुंबईसारख्या शहरासाठी संगणकीय भाकिताच्या आधी स्थानिक पाहणीची गरज आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : ॲलर्जी, पेप्टाइड, टी पेशी, आयजीई, एपिटोप, एचएलए, धूळकीट, नवी मुंबई.

१. प्रस्तावना

शिंका, वाहते नाक, डोळ्यांची खाज, पहाटेचा खोकला आणि दम या तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णास बहुधा 'धुळीचे वावडे आहे' असे सांगितले जाते. व्यवहारात 'वावडे' आणि पारिभाषिक मराठीत 'अधिहर्षता' असे शब्द उपलब्ध असले तरी 'ॲलर्जी' हाच शब्द आता सर्वत्र रूढ झाला आहे. हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये प्रथम वापरला. शरीराची बदललेली प्रतिक्रिया असा अर्थ त्यांना अभिप्रेत होता.

ॲलर्जीवरील नेहमीची औषधे लक्षणे आटोक्यात ठेवतात. हिस्टामिनविरोधी गोळी शिंक थांबविते आणि श्वासातून घेतलेले स्टेरॉइड श्वासनलिकेची सूज कमी करते. परंतु प्रतिकारयंत्रणेचा मूळ कल त्यामुळे बदलत नाही. औषध थांबले की त्रास परत येतो. हा कल बदलण्याचा एकच मार्ग गेल्या शतकापासून ज्ञात आहे. ज्या पदार्थाचे वावडे आहे तोच पदार्थ अल्प व वाढत्या मात्रेत देणे, हा तो मार्ग होय. पेप्टाइड-आधारित उपचार ही त्याच मार्गाची अधिक सुरक्षित व अधिक आटोपशीर आवृत्ती असावी, अशी संशोधकांची अपेक्षा आहे.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) पेप्टाइड-उपचारामागील जैविक तत्त्व विज्ञानेतर शाखांतील प्राध्यापकांनाही समजेल अशा रीतीने स्पष्ट करणे.
२) आजवरच्या प्रमुख चाचण्यांच्या यशापयशाचा अर्थ लावणे.
३) नवी मुंबई परिसरातील महाविद्यालयांना या विषयात कोणते काम करता येईल, याची दिशा सुचविणे.

२. ॲलर्जी कशी घडते?

ॲलर्जीजनक पदार्थ हे बहुतेक वेळा निरुपद्रवी प्रथिन असते. धूळकिटाच्या विष्ठेतील पाचक विकर, मांजराच्या लाळेतील व त्वचेवरील प्रथिन, परागकणातील अथवा बुरशीच्या बीजाणूतील प्रथिन ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. असे प्रथिन श्लेष्मल त्वचेतून आत शिरल्यावर विशिष्ट पेशी ते गिळतात व त्याचे लहान तुकडे करतात. हे तुकडे एचएलए वर्ग २ या रेणूंच्या खोबणीत बसवून पेशीच्या पृष्ठभागावर मांडले जातात. खोबणीत साधारणतः नऊ अमिनो आम्लांचा गाभा घट्ट बसतो आणि तुकड्याची दोन्ही टोके बाहेर राहतात. साहाय्यक टी पेशी हा मांडलेला तुकडा तपासतात. तुकड्यातील ज्या भागाला टी पेशी ओळखते त्यास टी पेशीचा एपिटोप असे म्हणतात.

ॲलर्जीप्रवण व्यक्तीमध्ये या टी पेशी इंटरल्यूकिन-४ व इंटरल्यूकिन-१३ ही रासायनिक संदेशद्रव्ये सोडतात. त्यांच्या प्रभावाने बी पेशी आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करू लागतात. आयजीई प्रतिपिंडाचा शोध १९६६-६७ या काळात अमेरिकेतील डेन्व्हर येथे किमिशिगे व तेरुको इशिझाका या दांपत्याने, आणि स्वतंत्रपणे स्वीडनमध्ये योहानसन व बेनिक यांनी लावला. १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यास अधिकृत नाव दिले.

आयजीई प्रतिपिंडे मास्ट पेशींच्या पृष्ठभागावर चिकटून बसतात. तेच प्रथिन पुन्हा आले की ते शेजारच्या दोन प्रतिपिंडांना एकाच वेळी पकडून त्यांच्यात सेतू बांधते, आणि मास्ट पेशी काही मिनिटांत हिस्टामिन व अन्य द्रव्ये मोकळी करते. येथे एक बाब ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. एका हाताने टाळी वाजत नाही, त्याप्रमाणे एकच आयजीई पकडणाऱ्या रेणूमुळे मास्ट पेशी उद्दीपित होत नाही. सेतू बांधण्यासाठी रेणू पुरेसा मोठा असावा लागतो व त्यावर आयजीई पकडण्याची किमान दोन स्थाने असावी लागतात. पेप्टाइड-उपचाराची सारी कल्पना या साध्या नियमावर उभी आहे.

३. पारंपरिक प्रतिकार-उपचार आणि त्याच्या मर्यादा

लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील लेनर्ड नून यांनी गवताच्या परागांचा अर्क टोचून 'हे फीव्हर'च्या रुग्णांवर उपचार केल्याचा वृत्तान्त १९११ मध्ये प्रसिद्ध केला. त्या वेळी आयजीई ज्ञात नव्हते, तरीही पद्धत उपयुक्त ठरली. आजही त्वचेखाली टोचून अथवा जिभेखाली ठेवून अर्क देण्याची पद्धत जगभर चालते. भारतात असे अर्क तयार करणाऱ्या उत्पादकांपैकी एक नवी मुंबईतच आहे.

या पद्धतीच्या तीन मर्यादा आहेत. पहिली मर्यादा सुरक्षिततेची. अर्कात संपूर्ण प्रथिने असल्याने ती आयजीईचा सेतू बांधू शकतात, आणि क्वचित प्रसंगी सर्वांगी तीव्र प्रतिक्रिया उद्भवते. ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने १९८६ मध्ये या इंजेक्शनांशी संबंधित २६ मृत्यूंची नोंद प्रसिद्ध केली. ते १९५७ पासूनच्या काळातील होते. त्यानंतर तेथे या उपचारावर कडक बंधने आली. दुसरी मर्यादा प्रमाणीकरणाची. नैसर्गिक अर्कातील प्रथिनांचे प्रमाण प्रत्येक खेपेस सारखे राहत नाही. तिसरी मर्यादा कालावधीची. परिणाम टिकण्यासाठी उपचार साधारणतः तीन वर्षे, कधी पाच वर्षेही, चालवावा लागतो. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या कामगाराने तीन वर्षे नियमितपणे दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घेणे आणि प्रत्येक वेळी प्रतिक्रियेसाठी अर्धा तास थांबणे किती अवघड आहे, हे वेगळे सांगावयास नको. अनेक रुग्ण उपचार अर्धवट सोडतात. त्यामुळे कमी मात्रांत पूर्ण होणारा आणि निर्धोक असा पर्याय शोधणे ही केवळ प्रयोगशाळेची हौस नाही.

४. पेप्टाइडाची कल्पना

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची लहान साखळी. प्रथिन हीच साखळी असते, परंतु ती लांब व विशिष्ट आकारात दुमडलेली असते. धूळकिटाचे डर पी १ हे प्रथिन २२२ अमिनो आम्लांचे आहे, तर डर पी २ हे १२९ अमिनो आम्लांचे. आयजीई प्रतिपिंड मुख्यतः दुमडलेला आकार ओळखते, टी पेशी मात्र उलगडलेला लहान तुकडा ओळखते. म्हणून १३ ते २० अमिनो आम्लांचा योग्य तुकडा निवडल्यास तो टी पेशीपर्यंत पोहोचतो. मास्ट पेशीवरील आयजीईचा सेतू मात्र तो बांधू शकत नाही.

असा तुकडा अल्प मात्रेत, दाहकारक घटकाविना, त्वचेत दिल्यास टी पेशी एक तर निष्प्रभ होतात किंवा त्यांच्यातून इंटरल्यूकिन-१० सोडणाऱ्या नियामक पेशी वाढतात. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील बॅरी के, मार्क लार्शे व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयात दीर्घकाळ काम केले. एका प्रथिनातील मोजक्या तुकड्यांमुळे निर्माण झालेली सहनशीलता त्याच प्रथिनातील इतर तुकड्यांपर्यंतही पसरते, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांतून दिसून आले. तसे नसते तर प्रथिनातील प्रत्येक एपिटोप उपचारात अंतर्भूत करणे भाग पडले असते.

पेप्टाइडाचा आणखी एक लाभ निर्मितीचा आहे. रॉबर्ट ब्रूस मेरिफील्ड यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या घन-आधार पद्धतीने पेप्टाइडे रासायनिक रीतीने, एकेक अमिनो आम्ल जोडून, तयार करता येतात. या कार्याबद्दल त्यांना १९८४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अशा पेप्टाइडाची शुद्धता मोजता येते व प्रत्येक खेप सारखी ठेवता येते. लांबीचे गणितही येथे महत्त्वाचे ठरते. प्रत्येक जोडणी ९९ टक्के यशस्वी झाली असे मानल्यास २० अमिनो आम्लांच्या पेप्टाइडासाठी लागणाऱ्या १९ जोडण्यांनंतर सुमारे ८३ टक्के साखळ्या अचूक राहतात. ५० अमिनो आम्लांसाठी हेच प्रमाण सुमारे ६१ टक्क्यांवर येते. म्हणून तुकडा लहान ठेवणे शरीराच्या दृष्टीने जसे इष्ट, तसेच कारखान्याच्या दृष्टीनेही.

रचनेत काही पथ्ये पाळावी लागतात. सिस्टीन या अमिनो आम्लातील गंधकामुळे दोन पेप्टाइडे एकमेकांना जोडली जाऊ शकतात. अशा जोडीमुळे रेणू मोठा होतो आणि सेतू बांधण्याचा धोका पुन्हा उद्भवतो. म्हणून काही रचनांत सिस्टीनच्या जागी सेरीन हे अमिनो आम्ल घालतात. शेंगदाण्याच्या ॲलर्जीसाठी ऑस्ट्रेलियात विकसित झालेल्या व मानवी चाचण्यांपर्यंत पोहोचलेल्या पीव्हीएक्स १०८ या मिश्रणात ही युक्ती वापरली आहे.

५. चाचण्यांचा अनुभव

१९९० च्या दशकात मांजराच्या फेल डी १ या प्रथिनातील प्रत्येकी २७ अमिनो आम्लांच्या दोन पेप्टाइडांची चाचणी अमेरिकेत झाली. मोठी मात्रा दिलेल्या रुग्णांच्या लक्षणांत काहीशी सुधारणा दिसली, तथापि टोचल्यानंतर काही तासांनी नाक व छातीच्या तक्रारी उद्भवल्या आणि ते औषध पुढे गेले नाही. १९९८ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी मधमाशीच्या विषाची ॲलर्जी असलेल्या पाच रुग्णांना फॉस्फोलिपेज ए-२ या प्रथिनातील तीन पेप्टाइडे दिली. नंतर प्रत्यक्ष मधमाशीचा दंश घडविला असता पाचांपैकी तिघांना कोणतीही सर्वांगी प्रतिक्रिया आली नाही. रुग्णसंख्या अगदी लहान होती, परंतु मार्ग शक्य आहे असे त्यातून सूचित झाले.

१९९९ मधील एक निरीक्षण विशेष महत्त्वाचे आहे. इम्पीरियल कॉलेजच्या गटाने मांजराची ॲलर्जी व दमा असलेल्या ४० रुग्णांना फेल डी १ ची लहान पेप्टाइडे टोचली. त्यांपैकी नऊ जणांना कित्येक तासांनी दम्याची उशिराची प्रतिक्रिया आली, परंतु तत्काळ प्रतिक्रिया कोणालाही आली नाही. आयजीईच्या सहभागाविना केवळ टी पेशींमुळे श्वासनलिका आकुंचन पावू शकते, हे यावरून सिद्ध झाले. पेप्टाइड 'संपूर्णतः निर्धोक' असते, हे गृहीतही त्याबरोबर बाजूला पडले. मात्रा अतिशय कमी ठेवण्याची पद्धत या अनुभवातून पक्की झाली.

या अनुभवावर उभारलेले 'कॅट-पॅड' हे ब्रिटनच्या सर्कासिया कंपनीचे औषध सर्वाधिक आशादायक मानले गेले. त्यात फेल डी १ ची सात पेप्टाइडे होती. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २०२ रुग्णांच्या चाचणीत, चार आठवड्यांच्या अंतराने प्रत्येकी ६ नॅनोमोलच्या केवळ चार मात्रा दिल्यानंतर, वर्षभराने मोजलेली लक्षणे कमी आढळली. ही मोजणी नियंत्रित कक्षात, ठरावीक प्रमाणात मांजराचे प्रथिन हवेत सोडून केलेली होती. तीन वर्षांच्या इंजेक्शनांऐवजी चार मात्रा, ही कल्पना रुग्ण व चिकित्सक दोहोंना आकर्षक वाटणे स्वाभाविक होते.

२०१६ मध्ये १,४०८ रुग्णांच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. औषध घेणाऱ्या गटाची लक्षणे निश्चितच कमी झाली होती. परंतु निष्क्रिय द्रव्य घेणाऱ्या गटाचीही लक्षणे जवळपास ६० टक्क्यांनी उतरली होती, आणि दोन गटांत अर्थपूर्ण फरक राहिला नाही. पुढील वर्षी त्याच कंपनीच्या धूळकीट-पेप्टाइडाच्या चाचणीतही अपयश आले. बेल्जियमच्या एएसआयटी बायोटेक कंपनीच्या गवत-परागाच्या पेप्टाइडांची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी २०१९ मध्ये असफल ठरली. टी पेशींना लक्ष्य करणारे एकही पेप्टाइड-औषध ॲलर्जीसाठी अद्याप बाजारात मान्यता मिळवू शकलेले नाही.

या अपयशाचा अर्थ कसा लावावा? एक, नियंत्रित कक्षातील निष्कर्ष घरातील जीवनास लागू पडतीलच असे नाही. घरात प्रथिनाची मात्रा रोज बदलते. दोन, तीव्र लक्षणांच्या काळात निवडलेल्या रुग्णांची लक्षणे काही काळाने आपोआप खाली येतात, त्यामुळे औषधाचा वेगळा परिणाम दाखविण्यास वाव उरत नाही. तीन, सर्व रुग्णांना एकच मिश्रण दिले गेले. ज्या रुग्णाच्या एचएलए रेणूत ती पेप्टाइडे नीट बसत नाहीत किंवा ज्याची ॲलर्जी मुख्यतः दुसऱ्याच प्रथिनाविरुद्ध आहे, त्यास लाभ होण्याची शक्यता कमी. यांपैकी नेमके कोणते कारण निर्णायक होते, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. तथापि तिसरा मुद्दा भारतीय वाचकांसाठी सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण पेप्टाइड कोणासाठी निवडायचे हा प्रश्न त्यातून समोर येतो.

६. दुसरी दिशा : बी पेशींचे एपिटोप

टी पेशींना लक्ष्य न करता बी पेशींमार्फत संरक्षक आयजीजी प्रतिपिंडे निर्माण करण्याची दिशाही विकसित झाली आहे. व्हिएन्नाचे रुडॉल्फ व्हॅलेंटा व सहकाऱ्यांनी गवत-परागातील चार प्रथिनांच्या आयजीई-बंधक भागांवरून, पण स्वतः आयजीई न पकडणारी, पेप्टाइडे निवडली आणि ती हेपटायटिस बी विषाणूच्या प्रीएस प्रथिनास जोडली. बीएम ३२ या नावाच्या या लसीमुळे तयार होणारी आयजीजी प्रतिपिंडे परागातील प्रथिनास आयजीईच्या आधीच अडवतात. येथे टी पेशींची मदत विषाणूच्या प्रथिनाकडून मिळते, त्यामुळे ॲलर्जीजनक प्रथिनाच्या टी एपिटोपची फारशी गरज पडत नाही. एकाच 'पेप्टाइड' शब्दाखाली दोन भिन्न तत्त्वे वावरतात, हा भेद पुढील विवेचनात उपयोगी पडेल.

७. महाराष्ट्रातील आधारभूमी

या विषयाचा पाया महाराष्ट्रात अनेक वर्षांपूर्वी घातला गेला आहे. पुणे विद्यापीठातील अशोक कोळस्कर व प्रसाद टोंगावकर यांनी १९९० मध्ये प्रथिनातील प्रतिजन-स्थाने ओळखण्याची एक अर्ध-अनुभवसिद्ध पद्धत प्रसिद्ध केली. ३४ प्रथिनांवरील प्रयोगसिद्ध १५६ प्रतिजन-स्थानांचे विश्लेषण करून त्यांनी प्रत्येक अमिनो आम्लाचा प्रतिजनकतेकडील कल निश्चित केला. साखळीवरून सात-सात अमिनो आम्लांची चौकट सरकवत त्या कलाची सरासरी काढली जाते आणि जेथे ती उंचावते तो भाग संभाव्य प्रतिजन-स्थान मानला जातो. या पद्धतीची अचूकता सुमारे ७५ टक्के असल्याचे त्यांनी नोंदविले. कोळस्कर-टोंगावकर पद्धत आजही जगभरातील संशोधक वापरतात.

२००५ मध्ये ऊर्मिला कुलकर्णी-काळे व सहकाऱ्यांनी त्रिमितीय रचनेवर आधारित एपिटोप ओळखणारी सीईपी ही संगणकीय सुविधा उपलब्ध केली. बहुतेक प्रतिपिंडे दुमडलेल्या आकारातील स्थाने ओळखतात, त्यामुळे हे पाऊल आवश्यक होते. २०१७ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या याच परंपरेतून 'ॲलरबेस' हा ॲलर्जीजनक प्रथिनांचा ज्ञानसंग्रह प्रसिद्ध झाला. एखादे प्रथिन ॲलर्जीजनक असल्याचा प्रायोगिक पुरावा कोणत्या चाचण्यांनी मिळाला आहे, याची नोंद त्यात केलेली असते.

हवेतील जैविक कणांच्या अभ्यासाचीही महाराष्ट्रात जुनी परंपरा आहे. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथील मराठवाडा विद्यापीठात डॉ. एस. टी. टिळक यांनी वायुजीवशास्त्राचा अभ्यास रुजविला. हवेतील पराग व बीजाणू गोळा करणारे 'टिळक एअर सॅम्पलर' हे देशी बनावटीचे उपकरण त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

येथे एक इशारा देणे आवश्यक वाटते. कोळस्कर-टोंगावकर पद्धत बी पेशींच्या, म्हणजे प्रतिपिंडांनी ओळखल्या जाणाऱ्या स्थानांसाठी आहे. कॅट-पॅडसारख्या उपचारासाठी लागणारा टी पेशीचा एपिटोप शोधावयाचा असल्यास पेप्टाइड आणि एचएलए वर्ग २ रेणू यांच्यातील बंधाचे भाकीत करणाऱ्या वेगळ्या साधनांची गरज असते. हा भेद लक्षात न घेता एका साधनाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नास जोडले, तर तक्ते व आलेख सुबक दिसतात, परंतु निष्कर्ष निराधार ठरतो. पदव्युत्तर प्रकल्पांचे मार्गदर्शन करताना ही बाब प्रथम तपासणे इष्ट होय.

८. नवी मुंबईचा संदर्भ

१९७० मध्ये सिडकोच्या स्थापनेनंतर आखले गेलेले आणि १ जानेवारी १९९२ रोजी स्वतंत्र महानगरपालिका लाभलेले नवी मुंबई शहर ठाणे खाडीच्या काठी वसले आहे. खाडी, कांदळवने आणि चार महिन्यांचा मुसळधार पाऊस यांमुळे हवेत दमटपणा असतो. धूळकीट पाणी पीत नाही, तो हवेतील बाष्प शोषून जगतो. सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ५० टक्क्यांच्या खाली राहिल्यास तो तग धरू शकत नाही. या किनाऱ्यावर त्याला अशी अडचण क्वचितच येते. गाद्या, उशा व पडदे ही त्याची वसतिस्थाने होत. ओलसर भिंतींवरील बुरशी आणि स्वयंपाकघरातील झुरळ हे आणखी दोन स्रोत.

येथेच आयात केलेल्या पेप्टाइडाची मर्यादा स्पष्ट होते. युरोपातील धूळकीट-पेप्टाइडे डर्मॅटोफॅगॉइडिस टेरोनिसिनस या जातीच्या प्रथिनांवरून निवडलेली होती. उष्ण व दमट प्रदेशांत ब्लोमिया ट्रॉपिकॅलिस ही वेगळी जातही महत्त्वाची असते आणि तिच्या प्रथिनांचे पहिल्या जातीशी साधर्म्य मर्यादित आहे. एखाद्या रुग्णाचा त्रास मुख्यतः ब्लोमियामुळे होत असेल, तर पहिल्या जातीची पेप्टाइडे त्याच्या टी पेशींना अनोळखी राहण्याची शक्यता आहे. हीच गोष्ट एचएलए रेणूंची. भारतीय लोकसंख्येत डीआरबी१*१५ व डीआरबी१*०७ ही रूपे वारंवार आढळतात, परंतु प्रदेश व समूहानुसार वाटणी बदलते. नवी मुंबईत कोकणातील आगरी-कोळी समाजापासून देशाच्या सर्व भागांतून आलेल्या कुटुंबांपर्यंत विविध समूह एकत्र राहतात. म्हणून येथे उपयुक्त ठरणाऱ्या मिश्रणातील पेप्टाइडे अनेक एचएलए रूपांत बसणारी असावी लागतील.

दुसरा प्रश्न निदानाचा. 'धूळ' हा शब्द व्यवहारात सर्वसमावेशक असला तरी वैज्ञानिकदृष्ट्या तो दिशाभूल करणारा आहे. दगडखाणीची धूळ खनिज असते, तीत प्रथिन नसते. ती श्वासमार्गास इजा करते, पण तिच्यासाठी आयजीई नसते व पेप्टाइडही नसते. औद्योगिक वायूंमुळे होणारा क्षोभ याच वर्गातील. गाजरगवताच्या स्पर्शाने होणारा त्वचादाह हा टी पेशींमुळेच होतो, परंतु त्याचे कारण पार्थेनिन हा लहान रासायनिक रेणू आहे. त्याच वनस्पतीच्या परागाने होणारी नाकाची ॲलर्जी मात्र प्रथिनजन्य असते. तुर्भे येथील कृषी उत्पन्न बाजारात धान्य व मसाल्यांच्या गोण्या हाताळणाऱ्या माथाडी कामगाराचा खोकला यांपैकी कोणत्या प्रकारचा आहे, हे तपासल्याविना कोणताही प्रतिकार-उपचार सुरू करणे त्याच्या हिताचे नाही.

शिवाय चाचणी होकारार्थी येणे म्हणजे आजार असणे नव्हे. कर्नाटकात प्रौढांमध्ये झालेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोप्रिव्हॉल अभ्यासात २६.५ टक्के व्यक्तींत अन्नपदार्थांविरुद्ध आयजीई आढळले, परंतु संभाव्य अन्न-ॲलर्जी केवळ १.२ टक्के व्यक्तींत होती. या दोन आकड्यांतील अंतर दुर्लक्षिले तर निरोगी व्यक्तींवर अनावश्यक उपचार होण्याचा धोका संभवतो.

९. महाविद्यालयांसाठी दिशा

वाशी, नेरूळ, बेलापूर व पनवेल या पट्ट्यात जीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान व जैवमाहितीशास्त्र शिकविणाऱ्या संस्था आहेत आणि त्यांच्या जवळच शिक्षण-रुग्णालयेही आहेत. या परिस्थितीत कामाचा क्रम पुढीलप्रमाणे असावा :

१) घरातील धूळ व बाहेरील हवा यांची किमान वर्षभर, ऋतुनिहाय पाहणी करून धूळकिटांच्या जाती, बुरशी व पराग यांची नोंद ठेवणे. हे काम प्राणिशास्त्र व वनस्पतिशास्त्र विभागांना अल्प खर्चात शक्य आहे.
२) रुग्णालयाच्या सहकार्याने व नीतिमत्ता समितीच्या संमतीने रुग्णांच्या आयजीईची घटक-प्रथिननिहाय तपासणी करणे.
३) त्याच रुग्णांचे एचएलए प्रकार निश्चित करणे.
४) या माहितीच्या आधारे संगणकीय साधनांनी पेप्टाइडांची निवड करणे. निवडीबरोबरच साधनाचा प्रकार व त्याची अचूकता स्पष्ट नमूद करणे.
५) निवडलेली पेप्टाइडे रुग्णांच्या रक्तातील टी पेशींना ओळखता येतात काय आणि बेसोफिल पेशींना उद्दीपित करीत नाहीत ना, हे प्रयोगशाळेत पडताळणे.

यापुढील मानवी चाचण्या २०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियमांच्या चौकटीत, सक्षम संस्थांनीच करावयाच्या आहेत. सध्या संगणक सहज उपलब्ध असल्याने बहुतेक प्रकल्प चौथ्या पायरीपासून सुरू होऊन तेथेच संपण्याचा संभव असतो. पहिल्या तीन पायऱ्यांविना निवडलेले पेप्टाइड हे परदेशी माहितीसंग्रहातील प्रथिनावरून, परदेशी रुग्णांच्या एचएलए रूपांसाठी निवडलेले ठरते.

१०. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, पेप्टाइड-आधारित उपचाराचे तत्त्व मानवी प्रयोगांनी बऱ्याच अंशी पडताळले गेले आहे. लहान तुकडा मास्ट पेशीला टाळून टी पेशीपर्यंत पोहोचतो, हे निश्चित झाले आहे. परंतु तत्त्व योग्य असणे आणि औषध उपयुक्त असणे या दोन भिन्न बाबी आहेत, हे २०१६ ते २०१९ या काळातील चाचण्यांनी दाखवून दिले. नवी मुंबईतील रुग्णासाठी आज उपलब्ध असलेले मार्ग म्हणजे अचूक निदान, संपर्क कमी करणे, लक्षणांवरील औषधे आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखालील अर्क-उपचार हेच होत. पेप्टाइड-उपचार त्यांची जागा घेईल असे आजच म्हणता येणार नाही. त्या दिवसाची तयारी म्हणून मात्र येथील गाद्यांमधील धूळकीट कोणत्या जातीचे आहेत आणि येथील रुग्णांच्या आयजीईचे लक्ष्य कोणते प्रथिन आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे स्थानिक महाविद्यालयांनी शोधणे आवश्यक आहे. ही माहिती तूर्तास अर्क-उपचाराची निवड अधिक अचूक करण्यासही उपयोगी पडेल. त्यामुळे पेप्टाइड-औषध कधी तयार होईल याची वाट न पाहता या कामास आरंभ करणे योग्य ठरेल.